गोळ्या सोडून संमोहन? तसं करू नका

वर म्हापशाच्या ताईंनी विचारलंय की भावाच्या डिप्रेशनच्या गोळ्या बंद करून संमोहन उपचार घेतले तर चालेल का. ताई, गोळ्या परस्पर बंद करू नका. अचानक थांबवल्या की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते आणि आजार पुन्हा उलटू शकतो.

संमोहनाला माझा विरोध नाही. आपल्याच गोव्यातल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेले पाद्री आणि संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये ठासून सांगितलं होतं की, तेव्हा लोक मानायचे तशी संमोहन करणाऱ्याची कसली चुंबकशक्ती यात नसते. जे घडतं ते त्या माणसाच्याच मनात, सूचनेमुळे घडतं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यातली खाली कोसळणारी बाई पाहून लोकांना वाटतं, शुद्धच हरपते. तसं नसतं. आवाज ऐकू येतात, नको वाटलं तर माणूस उठून जाऊ शकतो.

माझ्या फोंड्याच्या मावशीला उपयोग झाला, पण औषधं आणि समुपदेशन चालू असताना. तुळशीला पाणी घालणंही तिला डोंगराएवढं वाटायचं. सत्रात तेच डोळ्यांपुढे आणायला लावत: तांब्या उचलला, पायरी उतरली, ओलं वृंदावन हाताला लागलं. आधी झोप सुधारली, मन बऱ्याच उशिरा.

भास-भ्रम होत असतील तर संमोहन नकोच. दडलेल्या आठवणी बाहेर काढून देतो म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा, त्यातून खोट्या आठवणी तयार होऊ शकतात. भावाला आधी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, संमोहनाचं त्यांनाच विचारा. जगणं नको झालंय असं तो बोलत असेल तर थांबू नका, आत्ताच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा.