मदत हवी आहे: वेल्स सरकारचे परराष्ट्र संबंध

मंडळी, एमएच्या प्रोजेक्टसाठी वेल्सवर लिहितेय आणि एका जागी अडकलेय. परराष्ट्र संबंध लंडनकडे (म्हणजे यूके सरकारकडे) राखीव, व्यापार करारही तेच करणार, मग कार्डिफचं (म्हणजे वेल्सचं) सरकार 2020 मध्ये स्वतःची इंटरनॅशनल स्ट्रॅटेजी काढतं, 2024 ला ‘वेल्स इन इंडिया’ वर्ष करतं, ते नेमकं कुठल्या अधिकारात? भाषेचं समजतं, तो विषय त्यांच्याकडेच आहे, 2050 पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे हे टार्गेट, पार अर्जेंटिनातल्या चुबुतमध्ये वेल्श शिकवायलाही पैसे देतात (भारीच ना!). पण शेती कार्डिफची आणि न्यूझीलंडशी करार लंडनचा, मग लँबच्या आयातीवर वेल्सचे शेतकरी चिडले तर ऐकतं कोण? वेल्स सरकारचे अधिकार ठरवणारा 2006 चा कायदा (Government of Wales Act) वाचून डोकं गरगरतंय, कोणी सोप्पं करून सांगेल का प्लीज?