पलंगाच्या उशाशी ४८ मायक्रोटेस्ला : कॅन्सरची भीती घालणाऱ्या व्हिडिओला उत्तर

मोजमाप :
सध्या एक व्हिडिओ फिरतोय. उशाशी मोबाईल, अ‍ॅपवर ४८ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं माप) आणि खाली ठळक अक्षरांत : "कॅन्सरची मर्यादा ०.४. तुमच्या उशाशी १२० पट!" लोक पलंग फिरवतायत, 'फील्ड अडवणाऱ्या' चटया मागवतायत. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

मोबाईलमधला मॅग्नेटोमीटर होकायंत्रासाठी असतो. तो स्थिर, म्हणजे न बदलणारं चुंबकीय क्षेत्र दाखवतो, मुख्यतः पृथ्वीचं. ते पृथ्वीवर साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास. मोकळ्या मैदानात जा, फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवून कॅलिब्रेट करा, तिथेही तेवढंच दिसेल. घरात लोखंडी पलंग, स्लॅबच्या सळ्या, फोनच्या कव्हरमधलं मॅग्नेट यांनी आकडा वरखाली होतो, इतकंच.

०.४ हा आकडा घरच्या एसी विजेच्या, सेकंदाला ५०-६० वेळा (हर्ट्झ) बदलणाऱ्या क्षेत्राचा आहे, आणि ती मर्यादा नाहीच. २००० साली बऱ्याच देशांचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा घरातल्या अशा क्षेत्राची सरासरी ०.४ च्या वर असलेल्या मुलांत ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) सुमारे दुप्पट दिसला. अशी मुलं एकूण एक टक्क्याहून कमी. मुख्यतः त्यावरून आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) आपल्या अहवालाच्या खंड ८० मध्ये (२००२) या बदलत्या चुंबकीय क्षेत्राला २ब, म्हणजे 'कॅन्सरकारक असू शकतं' हा गट दिला. त्याच खंडात स्थिर चुंबकीय आणि स्थिर विद्युत क्षेत्रं गट ३ मध्ये आहेत. व्हिडिओवाल्याने एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवलाय.

शंकासूर :
गट ३ म्हणजे 'सुरक्षित' नव्हे. 'पुराव्यावरून ठरवता येत नाही' एवढाच त्याचा अर्थ. 'बहुधा कॅन्सरकारक नाही' असा गट ४ तेव्हा होता, त्यात स्थिर क्षेत्र टाकलं नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळवून काढणाऱ्या कारखान्याच्या भट्टीघरात (पॉटरूम) लाखावर अँपिअर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह वाहतो, त्याचं क्षेत्र स्थिर. कामगार मिलिटेस्लाच्या (१ मिलिटेस्ला = १००० मायक्रोटेस्ला) क्षेत्रात तासन् तास उभे राहतात. तिथे फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कॅन्सर जास्त सापडलाय. त्याचं काय?

मोजमाप :
पॉटरूममध्ये कार्बनचे अ‍ॅनोड (प्रवाह आत सोडणारे ठोकळे) असतात, बांधणीला कोळशाचं डांबर. सोडरबर्ग पद्धतीत अ‍ॅनोड पॉटवरच भाजला जातो आणि त्या डांबराच्या वाफा कामगाराच्या छातीत जातात. अ‍ॅल्युमिनियम उत्पादन गट १ ('कॅन्सरकारक') मध्ये आहे, आणि तिथे बोट डांबरातल्या पीएएच या कॅन्सरकारक रसायनांकडे जातं. क्लोर-अल्कली (मिठाच्या पाण्यातून विजेने क्लोरीन काढणाऱ्या) कारखान्यांतही तोच गुंता : डीसी आहे, पण जुन्या डायफ्राम सेलमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही होता. धूर आणि धूळ वेगळी काढल्याशिवाय चुंबकावर आळ घालता येत नाही.

शंकासूर :
डांबराचं मान्य. पण वेगळं काढता येत नाही म्हणजे निर्दोषही ठरत नाही. माझा मुद्दा तिथेच आहे.

एमआरआय टेक :
स्थिर क्षेत्राची एवढी काळजी असेल तर एमआरआयच्या दाराशी घ्या. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या ३० हजार पटींहून जास्त, आणि मशीन 'बंद' दिसली तरी चुंबक चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. पेसमेकरवाल्यांनी ५ गॉस, म्हणजे अर्ध्या मिलिटेस्लाच्या रेषेच्या बाहेर थांबायचं. फोनमागचं गोल मॅग्नेटसुद्धा छातीच्या खिशात नको. पेसमेकरमधला चुंबकी स्विच एक मिलिटेस्लाच्या आसपास चालू होतो.

वरोऱ्याकडचा :
तुमचं एमआरआय शहरात. आमच्या डोक्यावरून चंद्रपूर-पडघे ५०० केव्ही डीसी लाईन १९९९ पासून जातेय. ती स्थिरच क्षेत्र ना? खालून जाताना केस उभे राहतात. गावात कॅन्सरचे पेशंट आहेत. इथे बसून 'काही होत नाही' म्हणणं ही कंपनीची वकिली आहे.

मोजमाप :
वकिली म्हणू नका, हिशेब बघा. १५०० मेगावॅट, ±५०० केव्ही, म्हणजे पूर्ण लोडला १५०० अँपिअर. तार १५ मीटर उंच धरली तर एका पोलचं (लाईनच्या + आणि - अशा दोन बाजूंपैकी एकीच्या तारांचं) क्षेत्र २० मायक्रोटेस्ला. दुसऱ्या पोलमधला उलटा प्रवाह त्यातलं काही खोडतो. पृथ्वीच्या निम्म्याहून कमी. केस उभे राहतात ते विद्युत क्षेत्रामुळे आणि तारेभोवती हवेत होणाऱ्या ठिणगीसारख्या विसर्गातून (इंग्रजीत 'कोरोना') सुटलेल्या विद्युतभारित कणांमुळे. ते क्षेत्र कातडीवर थांबतं, शरीरात शिरत नाही.

वरोऱ्याकडचा :
मग तारांखाली घर बांधता येत नाही, विहिरीवर क्रेन लावता येत नाही, जमिनीला गिऱ्हाईक नाही, त्याचा हिशेब कोण करणार?

कोर्टकचेरी :
हा खरा प्रश्न, आणि कॅन्सरच्या नावाने तो बुडतोय. केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमीनमूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के झाले. लाईन तार कायद्याच्या (टेलिग्राफ अ‍ॅक्ट) अधिकारात टाकली असेल तर भरपाई अपुरी असल्याचा वाद कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांपुढे जातो. पंचनामा, सातबारा, गटाचा नकाशा, तारेखालच्या पट्ट्याची रुंदी आणि त्या वर्षीचा रेडीरेकनर एवढं हातात ठेवा. अर्जात 'कॅन्सर' लिहिलंत की समोरचा वकील गट ३ चा कागद काढतो आणि सगळा दिवस त्यातच जातो.

वरोऱ्याकडचा :
१९९९ च्या लाईनवाल्यांना २०२४ चा दर देणार का? नाही ना! मग ही टक्केवारी आम्हाला कशाला ऐकवता?

कोर्टकचेरी :
जुन्यांवर अन्याय झालाय, त्यात वाद नाही. पण शेजारून नवी लाईन येईल तेव्हा सही करण्याआधी हा दर माहीत असला पाहिजे. आणि एसी लाईन असेल तर समांतर जाणारं तारेचं कुंपण जागोजागी अर्थ करून घ्या. झटके तिथूनच बसतात.

शंकासूर :
मोबदल्याचं वेगळं काढा, त्यावर स्वतंत्र बोलू. मूळ प्रश्न : २ब वालं ५० हर्ट्झचं क्षेत्र घरात कसं मोजायचं?

मोजमाप :
तीन अक्षांचा एसी गॉसमीटर (बदलतं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) लागतो, मोबाईल नाही. एकदा टेकवून उपयोग नाही, २४ तास लॉग करून सरासरी काढायची. खाली सोसायटीचं सबस्टेशन असेल तर एलटी पॅनेलच्या (कमी दाबाची वीज इमारतीत वाटणाऱ्या पेटीच्या) बरोबर वरची खोली आधी बघा. पलंग दोन-तीन मीटर हलवला तरी आकडा झपकन उतरतो. सबस्टेशन नसूनही आकडा चढा असेल तर वायरिंग तपासा. वायरमनला मेनच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पमीटरमध्ये (वायरीभोवती लावून प्रवाह मोजणारा चिमटा) घ्यायला सांगा. शून्याच्या जवळ यायला हवं. एक अँपिअर दिसला तर न्यूट्रल कुठेतरी दुसऱ्या सर्किटशी किंवा अर्थशी जोडलाय. जिन्याच्या टू-वे स्विचपासून शोधायला लागा.