कव्हरचा रंग उडालाय, याला 'वयानुसार' म्हणायचं का?

रद्दीप्रेमी: परवा एक जुनं मराठी इंद्रजाल कॉमिक मागवलं, विकणाऱ्याने लिहिलं होतं "वयानुसार थोडा पिवळेपणा". हातात आल्यावर बघतो तर त्यातल्या नायकाचा, वेताळाचा (म्हणजे फँटमचा) जांभळा पोशाख चक्क निळा, मागचा लाल रंग विटका गुलाबी, आणि उजव्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा तर पार उडालेला, त्याची रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ. हे वय नाही हो, ऊन आहे! गठ्ठ्यात तेवढीच कड वरच्या अंकाखालून बाहेर राहिली असणार. लाल-पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी टिकते, म्हणून जांभळ्याचा निळा होतो. खात्री करायची तर आतल्या पानातला वेताळ बघा, माझ्या अंकात तो अजून जांभळाच आहे. असं असेल तर सरळ नुकसान म्हणायचं आणि भाव पाडायचा.

डेंकालीकर: काहीही हं. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं, त्यातला अंक रद्दीवाल्याच्या तागडीतून वाचला हेच खूप. आमच्याकडे कोकणात चार पावसाळ्यांत पिना गंजतात, कव्हरवर तपकिरी ठिपके येतात, त्याचे पण पैसे कापणार का? कोरं करकरीत हवं तर नवीन छापलेलं घ्या की.

रद्दीप्रेमी: कोरं नकोय, खरं सांगा एवढंच. पान पिवळं पडणं वेगळं, न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन असतं, हवा लागेल तसं ते कडेकडून आत तपकिरी होत जातं, बंद कपाटात ठेवलं तरी. त्याबद्दल मी कुणाशी भांडत नाही. पण खिडकीत ठेवून उडवलेल्या रंगाला वय म्हणायचं नाही.

कसरखाऊ: मला तर उलट पांढऱ्याशुभ्र कव्हरची भीती वाटते. एकदा असाच देखणा अंक बघितला, पिनेभोवती गंजाचा डाग आणि पिन मात्र चकचकीत! म्हणजे पिन बदललेली. काही लोक पेरॉक्साइडने कागद पण उजळवतात. अमेरिकेतली सीजीसी, म्हणजे कॉमिक तपासून दर्जा ठरवणारी कंपनी, दुरुस्ती केलेल्या अंकाला जांभळं लेबल लावते, आपल्याकडे लेबल कोण लावणार, म्हणून पिवळं दिसलं की मला बरंच वाटतं.

डेंकालीकर: बघा, हेच म्हणतोय मी. माझ्या एका अंकाच्या पाठीला बाबांनी चिकटपट्टी लावली होती, आता ती काकवीच्या रंगाची झालीय, तुमच्या हिशोबात त्याची किंमत शून्य ना?

रद्दीप्रेमी: शून्य नाही, पण कमीच. आणि ती ओढून काढू नका, कव्हरची साल निघून येईल. विकायला काढलात तर मागच्या बाजूचा फोटो पण टाका, दिवसाउजेडी काढलेला, पिवळ्या बल्बखाली सगळंच सारखं दिसतं.

डेंकालीकर: विकतोय कोण!