२० टक्केवाली घरं जातात कुठे?

गोदाकाठ: नाशकात फ्लॅट बघतोय, सगळे ५० लाखाच्या पुढेच बोलतात. मोठ्या प्रोजेक्टमध्ये २० टक्के घरं स्वस्तात द्यायचा नियम आहे ना, मग दिसत का नाहीत?

विटामाती: आहे की, २०१३ पासून. पण प्लॉट ४००० चौरस मीटर किंवा वर असेल तरच, मग काय, तुकडे असे पाडायचे की प्रत्येक ३९०० चाच भरतो 😀 आणि जी होतात ती बिल्डरच्या ऑफिसात विचारून मिळत नाहीत, म्हाडाच्या लॉटरीत येतात, तिकडे अर्ज टाका

जुना_भाडेकरू: नियमांचं हे जुनंच आहे हो. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या रेटला गोठवली, भाडेकरू वाचले पण नव्या चाळी बांधायला मालक फिरकलेच नाहीत.

गोदाकाठ: ओके, उत्पन्नाचा दाखला काढायला टाकतो मग