रात्रीची स्लाइड निगेटिव्ह, पण हत्तीरोगाची पट्टी पॉझिटिव्ह. खरं काय मानायचं?

मृण्मयी:
धाकट्या भावाची हत्तीरोगाची तपासणी झाली. दुपारी बोटातून रक्त घेऊन पट्टी केली, दोन रेघा आल्या. रात्री साडेअकराला पुन्हा रक्त घेऊन स्लाइड केली, तर एकही जंतू नाही. सूज नाही, ताप नाही. तो म्हणतो, पट्टीच चुकली, गोळ्या घेणार नाही. काय करू?

स्लाइडवाला:
ताई, 19 वर्षं मी रात्रीच्या स्लाइड बघतोय. दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. स्लाइडमध्ये आम्ही मायक्रोफायलेरिया, म्हणजे जंतांची पिल्लं शोधतो. ती दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि साधारण रात्री 10 ते 2 या वेळात बाहेरच्या रक्तात येतात. ताज्या थेंबात पिल्लू असलं की आजूबाजूच्या तांबड्या पेशी धक्के बसल्यासारख्या हलतात, आधी ते दिसतं, मग पिल्लू. पण थेंब दोन-तीनच. पिल्लं विरळ असली तर हाती काहीच लागत नाही.

पट्टी पिल्लांच्या मागे जातच नाही. लसिकावाहिन्यांत (अंगातला लसिका द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) ठाण मांडलेले मोठे जंत जे अँटिजेन, म्हणजे स्वतःच्या अंगचे पदार्थ, रक्तात सोडतात, ते ती पकडते. ते भरदुपारीही सापडतं. फक्त नर किंवा फक्त माद्या असल्या तर पिल्लं होत नाहीत, अँटिजेन मात्र असतं.

एक सांगा, पट्टी किती मिनिटांनी वाचली? 10 मिनिटांनी वाचायची असते. माझ्याच टेबलावर एकदा पट्टी अर्धा तास राहिली आणि फिकट रेघ उमटली. नव्याने केली तेव्हा निगेटिव्ह. तेव्हापासून घड्याळ लावल्याशिवाय मी पट्टीला हात लावत नाही.

मृण्मयी:
घड्याळ लावूनच वाचली, मी समोर होते. रेघही ठळक होती. गोळ्यांनंतर ती जाईल ना?

स्लाइडवाला:
मग भावाला डॉक्टरांकडे न्याच. सूज नाही तोवरच औषध सुरू झालेलं बरं. रेघ मात्र लगेच जात नाही. डीईसीने, म्हणजे हत्तीरोगाच्या गोळ्यांनी, पिल्लं झपाट्याने कमी होतात, मोठे जंत सगळे मरत नाहीत, त्यामुळे अँटिजेन वर्षानुवर्षं सापडू शकतं. सहा महिन्यांनी पट्टी करून औषध लागू पडलं नाही असं ठरवू नका.

शरयू:
आमच्या सासूबाईंचा पाय 20 वर्षं सुजलेला आहे, त्यांची पट्टी निगेटिव्ह! मग तो हत्तीरोग नाही का?

स्लाइडवाला:
असू शकतो. जंत कधीच मरून गेले असतील, पण वाहिन्या निकामी झाल्या की सूज राहते. अशा पायाला रोज साबण-पाण्याने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं आणि चिरा पडू न देणं फार महत्त्वाचं.

शिवाय ही पट्टी वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या जातीच्या जंताची. ब्रुगिया मलायी जातीचा जंत असला तर ती निगेटिव्हच येते. त्यासाठी शरीराने बनवलेली आयजीजी-४ अँटिबॉडी शोधणारी टेस्ट वेगळी असते. स्लाइडवर पिल्लू सापडलं तर जात शेपटीवरून कळते: ब्रुगिया मलायीच्या शेपटीच्या टोकाला दोन केंद्रकं दिसतात, बॅन्क्रॉफ्टीचं टोक रिकामं.