डिहायड्रेटर: हाताला कोरडं लागतं पण बरणीत ओल सुटते, मदत हवी आहे

डिहायड्रेटर (फळं-भाज्या वाळवायचं मशीन) घेऊन दीड महिना झाला. पाच गोल ट्रे, खाली हीटर आणि पंखा, टेंपरेचरचा एक नॉब, बस्स. मला वाटलं यात काय शिकायचंय, कापायचं, मांडायचं, बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. आत्तापर्यंतचा हिशोब असा की सफरचंद छान जमलं, केळ्यांचं कळेना, गाजरं फसली आणि टोमॅटोची अख्खी बरणी काल फेकून दिली.

टोमॅटोचं सविस्तर सांगते कारण जीव त्यातच अडकलाय. 2 किलो टोमॅटो, काप साधारण 1 सेंमी जाड, काही त्याहून जाडच कारण शेवटी शेवटी कंटाळा आला होता. घाई होती म्हणून नॉब 70 वर ठेवला, 9 तासांनी बघितलं तर मस्त कोरडे, कडक, हाताला काही चिकटत नव्हतं. गरम गरमच बरणीत भरले आणि झाकण घट्ट लावलं. (गंमत म्हणून वजन केलं होतं, 190 ग्रॅम भरलं, फार भारी वाटलेलं तेव्हा.) दुसऱ्या दिवशी काचेला आतून थेंब दिसले, म्हटलं गरम भरलं त्याची वाफ असेल. आठव्या दिवशी एका कापावर पांढरी लव. बाकीचे अगदी ठीक दिसत होते हो, तेवढाच एक काढून बाकीचे वापरायचा मोह झाला होता, पण नाही धीर झाला.

गाजरं कच्चीच वाळवली. वाळली मस्त, पण सूपमध्ये अर्धा तास उकळली तरी रबरासारखी, आणि वास सुक्या गवताचा. आणि केळी मशीनमधून काढताना मऊच लागतात म्हणून मी अजून दोन तास, अजून दोन तास करत राहते आणि मग गार झाल्यावर दात पडतील अशी कडक. वाळलं हे ओळखायचं कसं? मशीनच खराब आहे की माझं चुकतंय?

प्रतिसाद 1
फेकलंत ते उत्तम केलंत. बुरशी एका कापावर दिसली तरी तिचं जाळं आणि बीजं बाकीच्यांत गेलेली असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच. असं निवडून खायचं नाही कधी.

प्रतिसाद 2
मशीन बिचारं निर्दोष वाटतंय, घाई नडली. 70 ला काय होतं की बाहेरचा थर पटकन वाळून टणक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं, याला केस हार्डनिंग म्हणतात. हाताला कोरडं लागणारच, हात बाहेरूनच लागतो ना! मग बरणीत ती ओल हळूहळू बाहेर येते. भाज्या-फळांना 55 ते 57 पुरे, पानांना तर 35-40 च. काप 5-6 मिमी, आणि मुख्य म्हणजे सगळे सारखे, नाहीतर पातळ जळकट आणि जाड ओले अशी खिचडी होते. पंखा खाली असेल तर खालचा ट्रे आधी वाळतो म्हणून दर दोन-तीन तासांनी ट्रे वरखाली करायचे.

गरम असताना सगळंच मऊ लागतं, त्यामुळे एक तुकडा बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या आणि मग बघा. फळ वाकलं पाहिजे पण मधे फाडून दाबल्यावर ओल दिसता कामा नये. भाजी कटकन मोडली पाहिजे. गाजर आधी 3-4 मिनिटं वाफवून घ्या, त्याने आतली एन्झाइम्स थंडावतात, तो गवताचा वास त्यांचाच, आणि नंतर भिजतातही नीट. कांदा, टोमॅटो, मशरूम यांना वाफवायची गरज नाही.

प्रतिसाद 3
तुमच्या 190 ग्रॅममध्येच उत्तर होतं :) टोमॅटोत 94-95 टक्के पाणी असतं, म्हणजे 2 किलोत कोरडा ऐवज 100 ते 120 ग्रॅम. नीट वाळलेल्या भाजीत 10 टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो तो धरला तरी 135 च्या वर जायला नको होतं. म्हणजे निदान 55 ग्रॅम जास्तीचं पाणी तुम्ही झाकण लावून बंद केलंत. मी वजनावरच जाते, हाताचा भरवसा नाही. आणि नॉबवरही विश्वास ठेवू नका, ट्रेवर थर्मामीटर ठेवून बघा एकदा.

मूळ लेखिका
बघितलं! नॉब 55 वर, तर खालच्या ट्रेवर 64 आणि सगळ्यात वरच्यावर 49. म्हणजे माझ्या 70 ला खाली काय भट्टी पेटली असेल. पण एक विचारू का, गार करून भरलं तरी एखादा तुकडा ओला राहून गेलाच तर?

प्रतिसाद 2
राहतोच. म्हणून फळं तरी लगेच साठवणीला टाकायची नाहीत. काचेची बरणी दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. ओल्या तुकड्याची ओल कोरड्यांत वाटली जाते. काचेला थेंब दिसले तर तो निरोप समजायचा, सगळं परत ट्रेवर. तुम्हाला दुसऱ्याच दिवशी आला होता निरोप, तुम्ही वाचला नाहीत. टोमॅटोलाही मी हेच करते. नंतर अंधारात, थंड जागी.

मूळ लेखिका
बारा दिवसांनी परत आले. 1 किलो टोमॅटो, 57 ला (थर्मामीटरवरचे 57, नॉबवरचे नाही), 13 तास लागले, वजन 63 ग्रॅम. बरणी रोज खुळखुळवली, एक थेंब नाही. गाजर वाफवून केलं, सूपमध्ये गाजरासारखं लागलं, रंगही टिकला. केळी 8 तासांतच झाली होती म्हणजे मी उगाच वीज जाळत होते.

आता मटार करायचेत. ते कापता येत नाहीत, साल जाड, आतलं पाणी बाहेर येणार कसं?

प्रतिसाद 3
फ्रोजनचं पाकीट आणा. ते आधीच वाफवलेले असतात, सरळ ट्रेवर पसरा. फक्त ट्रेवर जाळी घाला, वाळून एवढेसे होतात आणि फटीतून खाली हीटरवर टपटप पडतात, माझे अर्धे तसेच गेले पहिल्या वेळी.