इनकमरच्या कप्प्यात आर्क फ्लॅशचा आकडा एवढा मोठा का?

प्रश्न
ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, इम्पीडन्स ५ टक्के. आर्क फ्लॅशची (शॉर्ट झाल्यावर हवेत पेटणाऱ्या आर्कची) उष्णता मोजायच्या आयईईई १५८४ (२०१८) मानकाप्रमाणे स्टडी झालाय. एमसीसीवर (मोटरींच्या पॅनेलवर) ५ कॅलरी प्रति चौ. सेंमी. येतात, पीसीसीच्या (ट्रान्सफॉर्मरनंतरच्या मुख्य पॅनेलच्या) इनकमर कप्प्यात, म्हणजे सप्लाय आत येतो तिथे, मात्र ४० च्या वर. पॅनेलवरच्या धोक्याच्या लेबलवर कोणता आकडा टाकायचा? तो खाली आणता येईल का?

रिलेवाला
एसीबीच्या (इनकमरमधल्या एअर ब्रेकरच्या) वरच्या, सप्लायकडच्या टर्मिनलवर आर्क झाला तर एसीबी काहीच करू शकत नाही, तो तोडायचा ट्रान्सफॉर्मरच्या आधीच्या ११ केव्हीच्या व्हीसीबीने (व्हॅक्यूम ब्रेकरने). सेकंडरीचा बोल्टेड फॉल्ट (मध्ये आर्क नसलेला थेट शॉर्ट) सुमारे २६.७ केए. प्रायमरीला तो १०५० अँपिअर दिसतो. खालच्या फॉल्टला एचटी (११ केव्हीचा ब्रेकर) उडू नये म्हणून इन्स्टंटेनियस (लगेच ट्रिप देणारी सेटिंग) त्याच्याही वर, १३००-१४०० ला ठेवतात. आर्किंग करंट तर बोल्टेडपेक्षा कमीच. मग उरतो आयडीएमटी (करंट जास्त तर वेळ कमी, असा उशिराने ट्रिप देणारा रिले). तो अर्धा-पाऊण सेकंद घेतो, आणि एनर्जी वेळेच्या प्रमाणात वाढते.
लेबलवर मोठाच आकडा टाका. एसीबी ऑफ केला तरी वरचं टर्मिनल चार्जच असतं.

पॅनेल डिझाइन
डीजी मोडचा (डिझेल जनरेटरवर चालतानाचा) स्टडी वेगळा झालाय का, तेही बघा. फॉल्ट करंट कमी म्हणजे धोका कमी, असं धरून चालू नका. डीजीचा करंट लवकर पडतो, एसीबीच्या शॉर्ट-टाइम पिकअपपर्यंत (थोड्या वेळात ट्रिप द्यायला लागणाऱ्या करंटपर्यंत) पोचत नाही आणि आर्क जळत राहतो. हिशोबात वेळ सहसा २ सेकंदांवर थांबवतात, कारण माणूस तोवर बाजूला होईल असं धरलेलं असतं. केबल ट्रेंचमध्ये अडकलेला कसा होणार?
शिवाय आकडा आर्कपासून ठरावीक अंतराचा असतो: एमसीसीला ४५५ मिमी, एलटी (कमी व्होल्टेजच्या) स्विचगियरला ६१० मिमी. वाकून डोकं आत घातलं की तो लागू नाही.

रिलेवाला
कमी करायचं तर इनकमरच्या केबल चेंबरमध्ये लाइट सेन्सर असलेला आर्क रिले बसवा आणि त्याची ट्रिप थेट एचटी व्हीसीबीला द्या. रिलेचे काही मिलिसेकंद आणि ब्रेकरचे ५०-८०, एवढ्यात सप्लाय तुटतो. एसीबीचा मेंटेनन्स मोड (काम चालू असताना लवकर ट्रिप देणारी सेटिंग) इथे कामाचा नाही, तो फक्त खालच्या बाजूचा वेळ कमी करतो.
तोवर या कप्प्यात एचटी ऑफ, लॉक, टॅग आणि अर्थिंग केल्याशिवाय हात नको. ४० च्या वरचा सूट विकत मिळतो, पण स्फोटाचा दाब तो अडवत नाही. आणि सप्लाय गेल्याची टेस्टरने खात्री होईपर्यंत ते काम चार्ज लाइनवरचंच धरा. अर्थिंग त्यानंतर.

पॅनेल डिझाइन
साइटवरच्या रिलेची सेटिंग स्टडीतल्या सेटिंगशी एकदा ताडून बघा. कमिशनिंगनंतर कोणी टाइम मल्टिप्लायर (रिलेचा ट्रिपचा वेळ ठरवणारी सेटिंग) वाढवला असेल तर लेबल खोटं ठरतं.